डब्यावरचं लेबल कोण वाचणार?

२०१७ साली, जुलै ते ऑक्टोबर या काळात, यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजुरांचा जीव गेला. शेकडो जणांना दवाखान्यात भरती करावं लागलं. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आजूबाजूच्या तालुक्यांतून रुग्ण येत राहिले. सरकारने विशेष तपास पथक नेमलं, काही कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी घातली. कारणंही पुढे आली. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली होती, त्यामुळे औषध पिकावर कमी आणि माणसाच्या तोंडावर जास्त उडत होतं. बॅटरीवरच्या पंपांचा फवारा बारीक होता. दोन-तीन औषधं एकत्र करून मारली जात होती. हातमोजे, मास्क, चष्मा यांचा पत्ता नव्हता, आणि ढगाळ उकाड्यात अंगात काही घालणंही नकोसं व्हायचं. यात कंपन्यांची, विक्रेत्यांची आणि यंत्रणेची जबाबदारी मोठी आहे. मेलेल्या मजुराला ‘तुला वाचता आलं असतं तर’ असं म्हणणं तर निव्वळ निर्दयपणाचं. पण एक प्रश्न त्या चर्चेत फारसा कुणी विचारला नाही. ज्या गावांमध्ये हे घडलं, त्या गावांमध्ये पदवीधर होते. बी.ए. झालेले होते, बी.एस्सी. झालेले होते, कॉलेजात जाणारी मुलं-मुली होती. त्यांच्या शिक्षणाचा आणि घरातल्या कीटकनाशकाच्या डब्याचा काही संबंध आहे, असं त्यांना त्यांच्या शिक्षणाने कधी सांगितलं होतं का?

आर्णी हे अशा गावांच्या मधोमध वसलेलं तालुक्याचं ठिकाण. अरुणावतीच्या काठी, नागपूर–तुळजापूर महामार्गावर, बाबा कंबलपोष यांच्या दर्ग्यामुळे दूरवर माहीत असलेलं. तालुक्यात कापूस, सोयाबीन आणि तूर, बंजारा तांडे, गोंड, कोलाम आणि आंध वस्त्या. इथला विद्यार्थी संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाची पदवी घेतो आणि बहुतेक वेळा घरातला पहिला किंवा दुसराच पदवीधर असतो. अशा विद्यार्थ्याला ‘आयुष्यभर शिकत राहा’ हे सांगायचं असेल तर ते मोठ्या शहरांतल्या कार्यशाळांच्या भाषेत सांगून चालणार नाही. त्याला ते त्याच्या शेतातून, बाजारातून, तहसीलमधून दिसलं पाहिजे. म्हणून आधी त्या डब्याकडेच नीट बघू.

कीटकनाशकाच्या डब्यावर चौकोन एका कोपऱ्यावर उभा केल्यासारखी एक खूण असते. तिच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग विषाची तीव्रता सांगतो. लाल म्हणजे अतितीव्र विष, त्यानंतर पिवळा, मग निळा, आणि हिरवा सगळ्यांत सौम्य. डब्यासोबत घडी घातलेलं एक माहितीपत्रक असतं. ते हिंदी, इंग्रजी आणि प्रादेशिक भाषेत देणं बंधनकारक आहे, पण अक्षर इतकं बारीक की धड डोळ्यांच्या माणसालाही उन्हात धरून वाचावं लागतं. त्यात मात्रा हेक्टरमध्ये दिलेली असते. आपला हिशोब एकरात, आणि प्रत्यक्ष काम पंपात. समजा पत्रकावर लिहिलं आहे की हेक्टरी एक लिटर औषध पाचशे लिटर पाण्यात. म्हणजे लिटरला दोन मिलि, आणि पंधरा लिटरच्या पंपाला तीस मिलि. हा त्रैराशिकाचा हिशोब सातवीच्या मुलालाही यावा. पण शेतात माप असतं डब्याच्या टोपणाचं, आणि टोपण किती मिलिचं हे कुणी मोजलेलं नसतं. अळी मरत नाही असं वाटलं की आणखी अर्धं टोपण. शिवाय डब्यावर दोन नावं असतात. मोठ्या अक्षरातलं कंपनीचं नाव आणि बारीक अक्षरातलं औषधाच्या घटकाचं नाव. दोन कंपन्यांचे दोन डबे आणून एकत्र फवारले आणि आतला घटक एकच निघाला, तर ती दोन औषधं होत नाहीत, एकाच विषाची दुप्पट मात्रा होते. दवाखान्यातही हेच कामी येतं. सेंद्रिय फॉस्फरस गटातल्या विषावर ॲट्रोपिन देतात, सगळ्याच विषांवर ते चालत नाही, म्हणून डॉक्टरला दाखवायला डबा सोबत न्यावा असं सांगितलं जातं. यातलं काहीही विद्यापीठाच्या पदवीपेक्षा अवघड नाही. मग ते वाचलं का जात नाही? कारण ते अभ्यासक्रमात नाही, त्यावर पेपर नाही, आणि जे पेपरात येत नाही ते शिकायचं नसतं, ही सवय आपण मुलांना पहिलीपासून लावतो.

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि पुढचा सगळा लेख त्याचीच बाजू मांडतो: पदवीचं खरं मोल तिच्यातल्या माहितीत नाही, कारण ती माहिती शिळी होते. न सांगता, न विचारता, गरज पडेल तेव्हा नवं शिकून घेण्याची आणि ते आपल्या माणसांपर्यंत नेण्याची सवय हे तिचं मोल. ही सवय कॉलेजची तीन-चार वर्षं चालू असतानाच लागली पाहिजे, पुढे ती लागणं फार कठीण जातं.

माहिती शिळी होते म्हणजे काय, हे कापसाइतकं स्पष्ट दुसरं कुठलं पीक सांगत नाही. १९७० मध्ये सुरतेत एच-४ हा संकरित कापूस आला आणि आजोबांच्या पिढीला देशी वाणांचं गणित विसरून खत, पाणी आणि औषधाचं नवं गणित शिकावं लागलं. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली, २००६ मध्ये दोन जनुकांचं बीटी आलं. बोंडअळीचा प्रश्न सुटला असं वाटलं, आणि काही वर्षं तो खरोखर सुटलाही होता. २०१० मध्ये गुजरातेत गुलाबी बोंडअळी पहिल्या पिढीच्या बीटीला दाद देत नसल्याचं कंपनीनेच मान्य केलं. पुढे दुसऱ्या पिढीचंही तेच झालं, आणि २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यातली बोंडं आतून पोखरली गेली. म्हणजे २००३ साली शेतीची पदवी घेऊन ‘बीटीवर बोंडअळीची फवारणी लागत नाही’ हे पक्कं शिकलेला माणूस पंधरा वर्षांत चुकीचं सांगू लागला. त्याने काहीही चूक केली नव्हती. अळी बदलली, तो बदलला नाही. त्यानंतर शिकायच्या गोष्टी वेगळ्या झाल्या: कामगंध सापळे लावून पतंग मोजायचे, डोमकळ्या, म्हणजे अळी लागून मिटलेली फुलं, दिसल्या की तोडून नष्ट करायच्या, फरदड, म्हणजे वेचणी संपल्यावरही राखलेलं पीक, घ्यायची नाही, डिसेंबर-जानेवारीत पीक काढून शेत मोकळं करायचं. अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आणि नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था हे सांगत आहेत. पण पतंग धुरा ओळखत नाही. एकाने फरदड मोडली आणि शेजाऱ्याने ठेवली तर अळी गावातच राहते. इथे एकट्याचं शिकणं पुरत नाही.

याच गोष्टीत एक छोटी पुडी आहे, आणि विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी तिच्याकडे जरूर बघावं. बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाणं मिळायचं. ते शेताच्या कडेने लावायचं होतं. कशासाठी? तिथे साध्या, बीटीने मरणाऱ्या अळ्या वाढाव्यात आणि त्यांच्या पतंगांचा संकर बीटी पचवू शकणाऱ्या मोजक्या पतंगांशी व्हावा म्हणून. प्रतिकाराचा गुण अप्रभावी असेल तर अशा संकरातून आलेली पिल्लं बीटी खाऊन मरतात, आणि प्रतिकार पसरायला उशीर लागतो. हा मेंडेलचा नियम आहे. बारावीला तो येतो, बी.एस्सी.ला पुन्हा येतो, वाटाण्याच्या उंच आणि बुटक्या झाडांचा तक्ता हजारो मुलं बिनचूक काढतात आणि गुण मिळवतात. त्याच मुलांच्या घरी ती पुडी बांधावर फेकून दिली गेली, कारण बिनकामाच्या बियाण्यासाठी चांगल्या जमिनीच्या ओळी कोण घालवणार? मुलाला दोष देता येत नाही, त्याला मेंडेल आणि पुडी यांची गाठ कुणी घालून दिली नव्हती. पण ज्ञान डोक्यात असून हाताशी नसणं म्हणजे काय, याचं यापेक्षा महागडं उदाहरण मला ठाऊक नाही.

आर्णीचा विद्यार्थी ज्याची पदवी घेतो त्या अमरावती विद्यापीठाची स्थापना १ मे १९८३ ची. पुढे त्याला ज्यांचं नाव दिलं गेलं ते गाडगे बाबा शाळेत गेले नव्हते. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेले डेबूजी मामाच्या घरी गुरं राखत, शेती करत मोठे झाले. सावकारी कर्ज घराला कसं गिळतं हे त्यांनी जवळून पाहिलं. पुढे हातात खराटा घेऊन गावोगाव हिंडताना त्यांनी जे कीर्तन घडवलं त्याची रीत बघण्यासारखी आहे. ते समोरच्यांना वऱ्हाडीत प्रश्न विचारत, उत्तर लोकांकडून काढून घेत, आणि मग पुढचा प्रश्न. कर्ज काढून सण का करता, देवाला बकरं का लागतं, पोरांना शाळेत का घालत नाही. भांडी नसली तरी चालेल, पण मुलांना शिकवा, हे त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं. धर्मशाळा बांधल्या, त्यांचे हिशोब आणि विश्वस्त व्यवस्था लावली. अक्षरओळख नसलेला माणूस माणसांकडून, प्रवासातून, डोळ्यांसमोर घडणाऱ्या गोष्टींतून ऐंशी वर्षं शिकत राहिला आणि लगेच शिकवत राहिला. त्यांच्या नावाची पदवी घेणाऱ्याने पदवीच्या दिवशी शिकणं थांबवावं, ही फार विचित्र गोष्ट आहे.

आता आक्षेपांकडे येऊ, कारण ते खरे आहेत. पहिला आक्षेप वयाचा. शिकण्याचं वय असतं, ते गेलं की डोकं चालत नाही, हे आपण सहज म्हणून जातो. लंडनमध्ये टॅक्सीचा परवाना हवा असेल तर शहरातले हजारो रस्ते पाठ करावे लागतात, त्याला तीन-चार वर्षं जातात. एलिनॉर मॅग्वायर आणि कॅथरीन वूलेट यांनी अशा प्रौढ उमेदवारांच्या मेंदूची तपासणी प्रशिक्षणाआधी आणि नंतर केली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात जे उमेदवार उत्तीर्ण झाले त्यांच्या मेंदूतल्या स्मरणाशी निगडित भागात वाढ झालेली दिसली. जे प्रशिक्षण घेऊन नापास झाले किंवा ज्यांनी ते घेतलंच नाही, त्यांच्यात ती दिसली नाही. मोठेपणी मेंदू बदलतो, फक्त त्यासाठी खरी मेहनत लागते.

मेहनत म्हणजे कशी, हे सांगणारा दुसरा प्रयोग विद्यार्थ्यांना अधिक उपयोगी आहे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ मध्ये अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांना छोटे उतारे वाचायला दिले. काहींनी तोच उतारा पुन्हा वाचला. काहींनी पुस्तक मिटून आठवेल तेवढं कागदावर लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे थोडे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा चित्र उलटं झालं: लिहून काढणाऱ्यांना सुमारे ५६ टक्के आठवत होतं, पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के. परीक्षेच्या आदल्या रात्री अपेक्षित प्रश्नसंच तिसऱ्यांदा वाचणाऱ्याला दुसऱ्या दिवशी उत्तर येतं, हे खरंच. पण तो पेपरपुरताच शिकलेला असतो. ज्याने वही मिटून स्वतःला विचारलं, किंवा धाकट्या बहिणीला समजावून सांगितलं, त्याचं पुढे टिकतं. म्हणजे आयुष्यभर शिकायचं असेल तर सगळ्यांत आधी बदलायची गोष्ट म्हणजे आज रात्रीचा अभ्यास कसा करायचा ही.

दुसरा आक्षेप स्पर्धा परीक्षांच्या वर्गातून येतो आणि तो सगळ्यांत मोठ्या आवाजात येतो. आधी नोकरी, मग बाकीचं. विदर्भातल्या तालुक्यांच्या गावी अभ्यासिका भरलेल्या असतात, आणि ज्यांना जमतं ते पुण्याला जातात. राज्यसेवेसाठी खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ वर्षांपर्यंत मुभा आहे. त्यामुळे पंचविशीतला मुलगा पस्तिशीत पोचेपर्यंत ‘अभ्यास करतोय’ असं म्हणता येतं. तो खरोखर अभ्यास करतो, माझ्या मते अनेक नोकरदारांपेक्षा जास्त. त्याला राज्यघटना माहीत आहे, पंचायत राज माहीत आहे, पीकविमा योजनेचा इतिहास माहीत आहे. मग त्याला शिका म्हणून काय सांगायचं? हे सांगायचं, की ज्या परीक्षेत जागा थोड्या आणि उमेदवार लाखो, तिथे बहुसंख्य मुलं निवडली जाणार नाहीत हे गणितानेच ठरलेलं आहे. निवड झाली नाही म्हणजे सहा वर्षांचं वाचन वाया गेलं असं ज्याला वाटतं, त्याने ते वाचन एका दाराच्या चावीसारखं वापरलं, चावी लागली नाही आणि फेकून दिली. पण तेच वाचन गावात कामाला येऊ शकतं. पंतप्रधान पीकविमा योजनेत नुकसान झाल्यापासून ७२ तासांत कळवण्याचा नियम आला. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी आली, शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवर पिकाची नोंद करायची. २०२३ च्या खरिपात एका रुपयात पीकविमा आला आणि २०२५ मध्ये ती सवलत गेली. दर दोन वर्षांनी नियम बदलतो, आणि न कळल्यामुळे भरपाई हुकलेली घरं प्रत्येक गावात सापडतात. योजनेचं नाव, वर्ष आणि उद्दिष्ट पाठ असलेला मुलगा त्याच घरात बसलेला असतो. स्पर्धा परीक्षा द्यावी, जरूर द्यावी. फक्त अभ्यासाचा एक तास असा असावा ज्याचा निकाल आयोग लावणार नाही.

‘व्यक्तिमत्त्व विकास’ हा विषय यातच येतो. कॉलेजांमध्ये त्याची शिबिरं होतात: आत्मविश्वासाने कसं बोलायचं, मुलाखतीला कसं बसायचं, इंग्रजीत स्वतःची ओळख कशी करून द्यायची. हे वाईट नाही. ग्रामीण मुलाला त्याची गरज असते आणि त्याला कमी लेखू नये. पण आत्मविश्वास बोलण्याच्या सरावापेक्षा काहीतरी खरोखर येत असण्यातून जास्त येतो. एखाद्या विद्यार्थिनीने आपल्या गावात विकल्या जाणाऱ्या औषधांची पत्रकं गोळा केली, प्रत्येकाचा घटक, रंग आणि पंधरा लिटरच्या पंपाला लागणारी मात्रा काढून तक्ता केला, तो कृषी सहायकाकडून तपासून घेतला आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावला. तिला लोकांच्या प्रश्नांना तोंड द्यावं लागेल. कृषी केंद्राचा मालक कदाचित नाराज होईल, एखादा म्हातारा म्हणेल की आम्ही तीस वर्षं असंच करतो. त्या सगळ्यांशी बोलून तिच्या व्यक्तिमत्त्वाचं जे होईल ते सभागृहातल्या दोन दिवसांत होणार नाही. राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचं शिबिर असतंच. त्यातले काही तास झाडलोट आणि प्रभातफेरीतून काढून अशा कामाला दिले तर सेवा आणि शिक्षण वेगळं राहत नाही.

तिसरा आक्षेप मला सगळ्यांत गंभीर वाटतो, कारण तो हेतूवर बोट ठेवतो. ‘आयुष्यभर शिका’ हा उपदेश नोकऱ्या देऊ न शकणाऱ्या व्यवस्थेने तरुणांच्या गळ्यात घातलेला दोष आहे, असं अनेक जण म्हणतात. तुला काम नाही कारण तू नवीन कौशल्य शिकला नाहीस. शिकलास तरी नाही, कारण आता त्याहून नवीन हवं. धावपट्टी सरकत राहते आणि धावणाऱ्यालाच आळशी म्हटलं जातं. हा आक्षेप खोटा नाही. खासगी क्लास आणि ऑनलाइन कोर्स विकणाऱ्यांची जाहिरात याच भीतीवर चालते, आणि हजारो रुपयांची प्रमाणपत्रं घेतलेली बेकार मुलं आपल्या आसपास आहेत. पण ज्या दस्तऐवजामुळे ही कल्पना जगभर पोचली तो वाचला तर वेगळं दिसतं. १९७२ मध्ये युनेस्कोसाठी एडगर फोर यांच्या आयोगाने अहवाल दिला. त्यात सगळं आयुष्य शिकण्याची सोय करणं ही समाजाची आणि राज्याची जबाबदारी मानली होती. माणसाने बाजारात टिकावं एवढ्यापुरता तो विचार नव्हता. आपल्याकडेही १९७७ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने अध्यापन आणि संशोधन यांच्या बरोबरीने विस्तार हे विद्यापीठाचं तिसरं काम ठरवलं. म्हणजे विद्यापीठाने आपल्या भिंतीबाहेरच्या माणसांना शिकवायचं, त्यांच्याकडून शिकायचं. अमरावती विद्यापीठात त्यासाठी आजीवन अध्ययन व विस्तार विभाग आहे. तेव्हा बरोबर उत्तर हे, की विद्यार्थ्याने शिकत राहावं आणि त्याच वेळी ती सोय मागत राहावी. शिकण्याची मागणी करणारा नागरिक हा उपदेश ऐकून घेणाऱ्या बेरोजगारापेक्षा वेगळा माणूस असतो.

मोबाइलबद्दल थोडक्यात. सगळी उत्तरं खिशात आहेत, आता कृत्रिम बुद्धिमत्ता आहे, मग शिकायचं कशाला, असं विचारलं जातं. ज्याला कंपनीचं नाव आणि घटकाचं नाव यातला फरक माहीत नाही, तो यंत्राला प्रश्नच चुकीचा विचारेल, आणि यंत्र तेवढ्याच विश्वासाने उत्तर देईल. ते उत्तर पारखायला आधी थोडं स्वतःचं लागतं. साधन वापरावं, खूप वापरावं, पण पारख उसनी मिळत नाही.

राहिला वेळ, पैसा आणि भाषा यांचा प्रश्न. पैशाची अडचण काही प्रमाणात कमी झाली आहे. ‘स्वयम्’ हे केंद्र सरकारचं व्यासपीठ २०१७ पासून आहे, तिथले अभ्यासक्रम फुकट शिकता येतात, परीक्षेपुरतं शुल्क लागतं, आणि २०२१ च्या नियमांनुसार विद्यापीठं पदवीतले ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक त्यातून मान्य करू शकतात. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १ जुलै १९८९ पासून नोकरी, शेती आणि घर सांभाळून शिकणाऱ्यांसाठीच उभं आहे. भाषेची अडचण मात्र मोठी आहे. ‘स्वयम्’वरचं बरंचसं साहित्य इंग्रजीत आहे, आणि मराठीतून बी.ए. केलेल्या, घरी गोरमाटी किंवा कोलामी बोलणाऱ्या मुलाला ते दोनदा परकं. इथे मी विद्यार्थ्यांना दोन गोष्टी सांगेन. इंग्रजी नुसती वाचता येण्याएवढी तरी कमवा, बोलण्याची लाज बाजूला ठेवा. वाचायला कुणी समोर नसतं, हसणारं कुणी नसतं. आणि जे वाचाल त्याचं अर्धं पान मराठीत लिहून काढा. त्यातून तुमचं टिकेल आणि दुसऱ्याला वाचायला मिळेल.

वेळेचा प्रश्न सगळ्यांना सारखा नाही. मुलाला पारावर दोन तास मिळतात, मुलीला ते मिळत नाहीत. कॉलेजात पहिल्या बाकावर बसणाऱ्या मुलींपैकी अनेकींचं लग्न पदवीच्या आसपास होतं आणि पुढची दहा वर्षं त्यांच्या वाचनाला घरात जागा राहत नाही. त्यांना ‘शिकत राहा’ असं नुसतं सांगणं हे त्यांच्यावर आणखी एक काम टाकणं आहे. त्यांच्यासाठी सोय उभी राहावी लागेल, आणि ती आहे त्या संस्थांमधूनच उभी राहू शकते. महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे, त्याखाली अनुदान घेणारी ‘अ’ ते ‘ड’ वर्गांची ग्रंथालयं गावोगाव आहेत. त्यांतल्या अनेकांत वर्तमानपत्रं वाचणारे पुरुषच दिसतात. तिथे दुपारी दोन तास बायकांसाठी राखून ठेवले तर कायदा आडवा येत नाही. कॉलेजच्या ग्रंथालयांचं तर आणखी सोपं आहे. आज पदवी मिळाली की विद्यार्थ्याचं ओळखपत्र संपतं आणि पुस्तकंही संपतात. आर्णीत शिकून लग्नानंतर दिग्रस, दारव्हा किंवा घाटंजीला गेलेल्या मुलीला तिथल्या कॉलेजमधून जुन्या ओळखपत्रावर पुस्तक मिळालं पाहिजे. ही सगळी कॉलेजं एकाच विद्यापीठाची आहेत. अनामत रक्कम ठेवून माजी विद्यार्थ्यांना कुठल्याही संलग्न कॉलेजात वाचनाची मुभा द्यायची, एवढं एक परिपत्रक विद्यापीठाला काढता येईल, आणि विद्यार्थी प्रतिनिधींनी ते पुढच्या बैठकीतच मागावं.